निबंध-कार्यशाळा, नागपूर : शनिवार वसूल, रविवार वाया

शनिवार-रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. फी साडेतीन हजार, जेवण त्यातच. जागा धरमपेठेत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. विषय: पटवून देणारा अकादमिक निबंध रचायचा कसा. शनिवारी एक निवृत्त प्राध्यापक शिकवतात, रविवारी त्यांच्याहून बऱ्याच लहान असलेल्या एक मॅडम. माझं मत आधीच सांगून टाकते. एकट्या शनिवारचे साडेतीन हजार घेतले तरी मी कुरकुर करणार नाही. रविवारी मात्र घरी झोपलात तरी फारसं काही बुडत नाही.

संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत. शिवाय एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून अशा कार्यशाळांचं पेवच फुटलंय. कुठलीही गाठलीत तरी तिथे काय मागून घ्यायचं आणि काय सोडून द्यायचं, एवढं यातून कळलं तरी पुष्कळ.

मी चंद्रपूरला ज्युनिअर कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. मुलांच्या प्रकल्पवह्या तपासते तेव्हा त्यांत माहिती भरपूर असते, पण म्हणणं काही नसतं. हे शिकवायचं कसं, ते बघायला गेले होते. खोलीत बाकी मंडळी पीएचडीच्या प्रवेशासाठी धडपडणारी, एक लॉ कॉलेजची मुलगी, आणि बरेचसे यूपीएससीवाले. त्यांचा निबंधाचा पेपर २५० गुणांचा, तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी हजार ते बाराशे शब्द. त्यामुळे त्यांची नजर सरांपेक्षा घड्याळावर जास्त.

सरांनी ओळख-बिळख काही करून घेतली नाही. तर्री-पोह्याच्या प्लेटा खाली ठेवेपर्यंत त्यांनी प्रत्येकाला आपला विषय एका ओळीत लिहायला लावला, आणि मग प्रत्येक ओळ वाचून एकच प्रश्न विचारत गेले: "याच्या उलट म्हणणारा एखादा शहाणा माणूस आहे का?" 'दारूबंदीचे सामाजिक परिणाम' असं वरोऱ्याच्या एका मुलाने लिहिलं होतं. याच्या उलट कोण काय म्हणणार? 'परिणाम नाहीत' असं? सर म्हणाले, हे शीर्षक झालं, यात भांडणच नाही. भांडण नाही तर पटवायचं कोणाला?

इथे जरा थांबते. आपल्याकडे शाळेत निबंध म्हणजे काय शिकवतात ते आठवून पाहा. फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त, सूर्य उगवला नाही तर, पावसाळ्यातला एक दिवस. मजेचे प्रकार आहेत, मुलांना ते लिहिता यावेत असंच मला वाटतं. पण दहावीपर्यंत एकाही निबंधात समोर कोणी विरोधक उभा नसतो. मग पदवीला गेल्यावर 'युक्तिवाद करा' म्हटलं की मुलं तेच फाटकं पुस्तक पुन्हा बोलायला लावतात, फक्त भाषा जड करून. 'मानव हा समाजशील प्राणी आहे' हे वाक्य मी किती वह्यांच्या पहिल्या ओळीत वाचलंय, त्याची मोजदाद नाही.

तर तो वरोऱ्याचा मुलगा. त्याचा कच्चा निबंध सोबत होता, आणि शनिवारचा अर्धा दिवस सरांनी त्याच्यावरच घालवला. बाकीच्यांना थोडं खटकलं, पण मला तरी हाच भाग सगळ्यात कामाचा वाटला, कारण विषय आमच्या जिल्ह्याचा. ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी: वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरातल्या बायांनी २०१० साली चिमूरहून नागपूरला पायी मोर्चा नेला, १ एप्रिल २०१५ पासून इथेही बंदी लागली, आणि २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने ती उठवली.

मुलाच्या निबंधात सात परिच्छेद होते. दारूची व्याख्या, सोमरसापासूनचा इतिहास, दारूचे प्रकार, दुष्परिणाम, गांधीजींचे विचार, शासनाचं धोरण, आणि शेवटी तरुणांनी व्यसनापासून दूर राहावं अशी हाक. सरांनी त्याची झेरॉक्स काढून आणवली, कात्रीने सात पट्ट्या केल्या, पिसल्या, आणि लॉच्या मुलीला दिल्या: लाव क्रमाने. तिने गांधीजी सगळ्यात वर ठेवले, दुष्परिणाम शेवटी. वाचून पाहिलं तर छान चालत होतं. दुसऱ्याने तिसराच क्रम लावला, तोही चालला. सर म्हणाले, "कसेही लावले तरी बसतात, म्हणजे यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. एकावाचून दुसऱ्याचं अडत नसेल, तर ही यादी झाली."

ही पट्ट्यांची युक्ती मी कॉलेजात परत आल्या आल्या वापरली. अकरावीची पोरं, ज्यांना 'सुसंगती' हा शब्द उच्चारला की जांभई येते, ती कात्री हातात आल्यावर तासभर भांडत बसली.

मग सरांनी फळ्यावर डोंगर काढला. डोंगरावर धूर. न्याय म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, त्यातलं उदाहरण: डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण धूर दिसतो, हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. तसाच धूर या डोंगरावर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन. पाच पायऱ्या. संस्कृतच्या तासाला हे पाठ केलेले बरेच असतील, पण निबंध तपासायला वापरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. सरांचा सगळा जोर तिसऱ्या पायरीवर. मुलं प्रतिज्ञा लिहितात, आकडा लिहितात, आणि या आकड्यावरून ती प्रतिज्ञा कशी निघते ते सांगायचंच राहतं. तिकडे स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ साली युक्तिवादाची जी रचना मांडली, तिच्यातही दावा आणि पुरावा यांना जोडणारा दुवा वेगळा काढून दाखवला आहे, असं सरांनी सांगितलं आणि लगेच पुन्हा डोंगराकडे वळले. बरं झालं. टूलमिनच्या सहा घटकांची आकृती काढली असती तर जेवणापर्यंत खोली झोपली असती.

आता याचा उपयोग बघा. त्या मुलाने लिहिलं होतं की बंदीच्या काळात दारूचे गुन्हे वाढले, यावरून बंदी फसली हे सिद्ध होतं. बंदी उठवताना सरकारचंही साधारण हेच म्हणणं होतं: अवैध दारू वाढली, गुन्हेगारी वाढली. सरांनी विचारलं, यातली तिसरी पायरी सांग. मुलगा म्हणाला, "सर, आकडा तर देऊन राहिलो ना मी." सर म्हणाले, आकडा धूर झाला, नियम सांग. जरा ओढाताण झाल्यावर नियम निघाला: जिथे गुन्ह्यांची नोंद वाढते, तिथे कायदा फसलेला असतो. फळ्यावर लिहिल्याबरोबर खोलीतले चारजण हसले. कारण उघड होतं. काल परवाना घेऊन दुकानात जे विकलं जायचं तेच आज विकणं गुन्हा झाला, तर नोंद पहिल्या दिवसापासून वाढणारच. पोलिसांनी काम चोख केलं तरी वाढेल, आणि बंदी खरोखरच फसली तरी वाढेल. तिन्ही वेळा दिसतं एकच. सर म्हणाले, "हा धूर आहे की धुकं, ते आधी ठरवा."

बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही त्यांनी सोडलं नाही. गडचिरोलीकडच्या एका मुलीने ठासून सांगितलं की आमच्या गावात दारू बंद झाली तशी घरातली मारहाण थांबली. सर म्हणाले, एका गावावरून असं होऊ शकतं एवढं दिसतं. असं होतंच, हे दिसत नाही. पण 'बंदीने कधीच काही होत नाही' असं कोणी म्हणत असेल तर त्याला गप्प करायला तुझं एक गाव पुरेसं आहे. तेव्हा ते कोणाच्या समोर ठेवायचं, ते आधी ठरव. मुलगी चिडलेली होती, पण तिने हे वहीत लिहून घेतलं.

दुपारी पूर्वपक्ष, म्हणजे आपल्या विरोधातलं म्हणणं. माझ्या मते सगळ्या कार्यशाळेचा कणा हाच. समोरच्याचं म्हणणं आपण साधारण दोन प्रकारे मांडतो: एक तर 'काही लोक म्हणतात' अशा अर्ध्या ओळीत, नाहीतर त्याचं सगळ्यात कच्चं वाक्य उचलून त्याची टिंगल करत. आपल्या जुन्या भाष्यकारांची रीत नेमकी उलटी. पूर्वपक्ष इतका नेटका मांडायचा की वाचणाऱ्याला क्षणभर तोच खरा वाटावा, आणि उत्तर त्यानंतर. सरांनी यासाठी १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचं उदाहरण घेतलं. वय दहावरून बारावर नेण्याचा तो कायदा, आणि टिळकांचा त्याला विरोध. 'टिळक सनातनी होते म्हणून त्यांनी विरोध केला' असं लिहून मोकळं झालं की निबंध तिथेच संपतो. पण 'समाजसुधारणा परक्या सरकारच्या कायद्याने व्हावी का' हा त्यांचा प्रश्न होता असं मांडलं, तर आगरकरांच्या बाजूने लिहिणाऱ्याला खरं काम करावं लागतं. त्याला दाखवावं लागतं की ज्या मुलीवर हे गुदरतंय तिला स्वराज्य येईपर्यंत थांब म्हणता येत नाही. विरोधक असा भक्कम उभा केल्यावरच आपल्या मुद्द्यालाही हाडं येतात.

आणि पूर्वपक्ष ठेवायचा कुठे? सरांचं उत्तर: वाचकाच्या मनात शंका जिथे येईल तिथे. पहिल्याच परिच्छेदात येणार असेल तर पहिल्याच.

वरोऱ्याच्या मुलाचा निबंध संध्याकाळपर्यंत ओळखू येईना. व्याख्या गेली, सोमरस गेला, गांधीजी वर्ध्याच्या एका वाक्यापुरते उरले. सुरुवात थेट २७ मे २०२१ च्या निर्णयाने. लगेच निर्णयाची बाजू, पूर्ण ताकदीने: बंदी कागदावर होती, दारू मिळतच होती, महसूल तेवढा बुडाला. मग गुन्ह्यांच्या आकड्यांवरून नेमकं काय कळतं आणि काय कळत नाही. त्यानंतर त्याचा स्वतःचा मुद्दा, जो सकाळी त्याच्याकडे नव्हताच: घुग्घुसहून वर्धा नदीचा पूल ओलांडला की वणी तालुका, म्हणजे यवतमाळ जिल्हा, तिथे दुकानं उघडी, दक्षिणेला तेलंगणा. जिल्ह्याची हद्द महसुलासाठी आखलेली असते, दारू अडवायला नव्हे. म्हणून बंदीचा निर्णय जिल्ह्याने घेण्यापेक्षा गावाने घ्यावा, आणि त्यासाठी महाराष्ट्रात सोय आहेच: बायकांचं मतदान घेऊन दुकान बंद करण्याची, म्हणजे उभी बाटली की आडवी बाटली.

यावर लॉच्या मुलीनेच आक्षेप काढला, आणि तो जबरदस्त होता. जिल्ह्याची हद्द ओलांडायला लोकांना पूल लागत होता. गावाची हद्द तर शेताच्या धुऱ्यावर संपते. मग गावाची बंदी जास्त टिकेल हे काहून म्हणतोस? मुलगा बराच वेळ गप्प. शेवटी म्हणाला, टिकते ती हद्दीमुळे नाही जी, पाहणाऱ्या बाया गावातच राहतात म्हणून टिकते. सर म्हणाले, मग हेच लिही, आणि जिथे अशा बाया संघटित नाहीत तिथे टिकणार नाही हेही कबूल कर. त्याचं विधान तिथे आखूड झालं, आणि माझ्या मते तेव्हाच ते पटण्याजोगं झालं.

सरांनी आणखी एक ठिकाण पकडलं. मुलाने लिहिलं होतं, निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीला मत दिलं की दुकान बंद. सरांनी समासात पेन्सिलीने लिहिलं: 'निम्म्या कशाच्या?' मत द्यायला आलेल्यांच्या, की यादीतल्या सगळ्यांच्या? नियम यादीतल्या सगळ्या महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त असा आहे. म्हणजे सोयाबीन काढायला गेलेली, माहेरी गेलेली, भीतीने घरात बसलेली प्रत्येक बाई हिशेबात उभ्या बाटलीकडे जाते. एका 'कशाच्या?'तून मुलाला अख्खा नवा परिच्छेद मिळाला. सरांच्या समासातल्या खुणा एवढ्याच असतात: 'कशावरून?', 'कोण म्हणतं?', 'मग?'. मी आता लाल पेनाने 'छान' लिहिणं बंद करून याच तीन वापरते आहे. मुलांना आवडलेलं नाही.

शेवटच्या परिच्छेदाबद्दल सर फार बोलले नाहीत. नवा पुरावा तिथे आणू नका, आणि उपदेश करू नका. तुमचं म्हणणं खरं असेल तर उद्या कोणी काय वेगळं करायला हवं, ते लिहा आणि थांबा. एका यूपीएससीवाल्याने विचारलं की शेवटी सुविचार टाकला तर मार्क वाढतात का. सरांनी चष्मा पुसला.

आता रविवार.

मॅडम मेहनती आहेत, स्लाइड्स देखण्या आहेत, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत येतो. पण शिकवलं काय, तर पाच परिच्छेदांचा साचा. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. प्रस्तावनेच्या शेवटच्या वाक्यातच मुख्य विधान आलं पाहिजे, हा लोखंडी नियम. मुद्दे तीनच का? तर तीन शोभतात. त्यामुळे खोलीत बसल्या बसल्या सगळ्यांचे मुद्दे सामाजिक, आर्थिक आणि राजकीय झाले, विषय दारूबंदीचा असो की ग्रंथालयांचा. विरोधी मत? ते चौथ्या परिच्छेदाच्या शेवटी, दोन वाक्यांत. काल दिवसभर जे उभं केलं होतं ते आज कपाटात कोंबलं. ही दोघं एकमेकांशी बोलत नाहीत की काय, असं मला वाटून गेलं. नवशिक्याला हात धरायला काहीतरी लागतं, हे मी शिक्षिका म्हणून मान्य करते. परीक्षेच्या हॉलमध्ये डोकं रिकामं झालं तर हा साचा पान भरून देईल. पण अकादमिक निबंध म्हणून हे विकायचं, आणि तेही पीएचडीला बसलेल्यांना, हे काही मला झेपलं नाही.

मग जोडशब्दांचा तक्ता. 'तथापि', 'परिणामी', 'उपरोक्त विवेचनावरून', अशी दोन पानं भरून. लोक ते शेव भुरभुरावी तसे निबंधावर भुरभुरत होते. जिथे कशाचाही परिणाम झालेला नाही तिथेही 'परिणामी'. आधीच्या वाक्यातून पुढचं निघत असेल तर जोडशब्द नसला तरी निघतं, आणि निघत नसेल तर असून उपयोग काय?

वाङ्मयचौर्याचा तास तर चक्क दिशाभूल करणारा होता. यूजीसीचे २०१८ चे नियम स्लाइडवर दाखवले आणि सांगितलं, 'दहा टक्क्यांपर्यंत चालतं.' नियमांत साम्याच्या पायऱ्या आहेत: दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, पुढे चाळीस, साठ अशा चढत्या कारवाया. सॉफ्टवेअर मोजतं ते शब्दांचं साम्य. दुसऱ्याचा अख्खा युक्तिवाद आपल्या शब्दांत उतरवून नाव न देणारा माणूस त्यात दोन टक्क्यांत सुटेल. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. सांगितलं नाही, आणि मुलं दहा टक्क्यांची सवलत मिळाल्याच्या आनंदात चहाला गेली.

संदर्भ कसे द्यायचे, यावर परदेशी पद्धतींची नावं आली आणि नमुने सगळे इंग्रजी पुस्तकांचे. मराठीत लिहिणाऱ्याला खरे अडतात ते प्रश्न वेगळेच: शासन निर्णयाचा संदर्भ कसा द्यायचा (विभाग, क्रमांक, दिनांक), जिल्हा गॅझेटिअरचा कसा, ग्रामसभेच्या ठरावाचा कसा, गावातल्या मावशींनी जे तोंडी सांगितलं ते कुठे आणि कसं नोंदवायचं. मी विचारलं. 'ते नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते' म्हणाल्या. ग्रुपवर आजवर शुभ सकाळच आलंय.

न्यायाने एक गोष्ट मॅडमच्या खात्यावर जमा करते. त्यांनी उलटा आराखडा करून घेतला: लिहून झालेल्या निबंधातल्या प्रत्येक परिच्छेदासमोर दोन रकाने, तो काय सांगतो आणि तो काय काम करतो. दुसऱ्या रकान्यात ओळीने 'माहिती देतो' असं चार वेळा आलं की रोग कुठे आहे ते लिहिणाऱ्याला स्वतःलाच दिसतं. पट्ट्यांच्या खेळानंतर हे लगेच केलं तर फार बसतं. रविवारी दुपारी तीन वाजता, जेवणात गुलाबजाम दिल्यावर, तेवढं बसत नाही.

बाकी सोयी: जेवण साधं आणि गरम. खुर्च्यांना लिहायचा फळा नाही, वही मांडीवर घ्यावी लागते, आणि ज्या कार्यशाळेत लिहायचंच आहे तिथे ही काय काटकसर ते कळलं नाही. माणसं जागेच्या मानाने जास्त भरतात. सर ज्यांचा कच्चा निबंध हातात असतो त्यांच्याशीच खरं बोलतात, त्यामुळे नुसता विषय घेऊन गेलात तर दिवसभर दुसऱ्याचं ऑपरेशन बघत बसाल. चार-पाच पानं काहीतरी वाईट का होईना, लिहून न्या. झेरॉक्स आधीच काढा, खालचं दुकान शनिवारी दुपारी बंद होतं.

कार्यशाळेनंतर 'प्रत्येकाच्या निबंधावर लेखी अभिप्राय' असं जाहिरातीत होतं. तो आला, बराच उशिरा. 'मांडणी सुबक. अजून मुद्दे वाढवावेत.' लॉच्या मुलीला आणि मला अक्षरशः एकच. सरांनी शनिवारी ज्याचे सातातले चार परिच्छेद फेकून दिले, त्या वरोऱ्याच्या मुलालाही मुद्दे वाढवायला सांगितलं होतं.

फक्त शनिवारची फी वेगळी घेतात का, हे नोंदणीच्या आधी फोनवर स्पष्ट विचारा. शेवटी एक जाडजूड फाइल देतात. तिच्यातली सरांची चार पानं आधी काढून जपून ठेवा, जोडशब्दांची दोन रद्दीत टाका. फाइल मात्र चांगल्या पुठ्ठ्याची आहे, माझ्याकडे तिच्यात आता लाइटबिलं असतात.